शेवटची दुरुस्ती

पारिसा मगदूम बेळगावला गेला
तेव्हा दोन गोष्टी माझ्या गळ्यात मारून गेला:
उद्यमनगरातल्या नटबोल्टच्या दुकानावरची खोली,
जिथं शनिवारी आम्ही सहा-सातजण प्रोग्रॅम लिहायला बसतो,
आणि यादी.

यादी म्हणजे, मराठीत संगणक चालवणाऱ्याला
जे जे लागतं ते कुठं मिळेल ते.
कुठला फॉन्ट कुणाकडं,
जुनी अक्षरं नव्यात बदलणारा प्रोग्रॅम कुणी लिहिलाय,
पावत्या छापणारा, उसाच्या वजनाचा हिशेब घालणारा.
दोनशे चौदा नोंदी.
तळाला बारीक अक्षरात
शेवटची दुरुस्ती, आणि तारीख.

"फार काही नसतंय त्यात," पारिसा म्हणाला,
"महिन्यातनं एकदा फिरून यायचं, बास."
रानातलं पाणी बघून यायचं असावं तसं.

मी चार वर्षं फिरकलो नाही.
पाडव्याला संध्याकाळी गुढी उतरवली की
तेवढी तारीख बदलायचो.

मग मुरगूडच्या एका पोराचं पत्र आलं.
एकशे सदतीस नंबर उघडत नाही.
वडिलांच्या गुऱ्हाळाची खाती जुन्या फॉन्टात आहेत,
पानभर नुसते चौकोन दिसतात.
खाली लिहिलेलं:
तारीख ताजी होती म्हणून विचारलं.

त्या संध्याकाळी गंगावेशीत दूध प्यायला गेलो.
तिथं म्हैस समोर उभी असते.
गिऱ्हाईक डोळ्यादेखत धार काढून घेतं,
फेसासकट ग्लास तोंडाला लावतं,
कुणी कुणाला तारीख विचारत नाही.
मला दूध गेलं नाही.

घरी येऊन एक नंबरापासनं सुरुवात केली.
सापडत नाही.
सापडत नाही.
एका जागी रमीची जाहिरात,
एका जागी कुणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो,
सगळे हसतायत.
सापडत नाही.

एकशे सदतीस: दस्तगीर शिकलगार, गडहिंग्लज.
फोन मुलीनं उचलला.
अब्बांना जाऊन दोन वर्षं झाली.
संगणक माळ्यावर आहे, वर मिरच्यांची पोती.
"तुम्ही यादीतले का?" ती म्हणाली.
"दर पाडव्याला अब्बा उघडून बघायचे.
तारीख बदललेली दिसली की म्हणायचे,
बघतायत बरं का लोकं अजून."

मी हो म्हणालो.
दुसरं काय म्हणणार.

चौथ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरच्या हातनं डिस्क आली,
जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली,
तिखटाच्या वासाची.
खोलीत लावली तेव्हा
पहिल्यांदा कुणीतरी शिंकलं, मग ती सुरू झाली.
प्रोग्रॅम होता. चालतही होता.
फक्त ळ तेवढा गळत होता.
त्यामुळं पोराच्या वडिलांच्या सगळ्या खात्यात,
एक नंबर गू, अठरा रवे.
पिवळा धमक गू, दर चांगला.

आम्ही इतके हसलो की खालचा दुकानदार वर आला.
मग तीन रात्री त्या एका अक्षरामागं.
दस्तगीरभाईंनी त्याच ओळीशेजारी लिहून ठेवलेलं:
इथं काहीतरी चुकतंय, उद्या बघतो.

ती ओळ मी पुसली नाही.
तिच्याखाली लिहिलं, बघितलं.

आता तळाची तारीख काढून टाकलीय.
ज्या त्या नोंदीपुढं तिची तिची तारीख.
एकशे सदतीस धरून एकसष्ट झाल्यात.
उरलेल्यांपुढं 'तपासलेलं नाही' असं लिहिलंय.
लिहिताना हात जरा अडखळतो,
पारिसा बेळगावातनं बघत असला तर.

आज बासष्टावी.
पावत्या छापणारा प्रोग्रॅम, इचलकरंजी,
नाव नुसतं बी. एस. आवटे.
फोन लागतोय.
कुणी उचलत नाही.
यंत्रमागाच्या आवाजात ऐकू जात नसेल,
जेवणाच्या सुट्टीत परत लावतो.